अँटीऑक्सिडंट आणि स्मृती : वादातली गाळलेली पायरी

उतारवयात उणावणारी स्मरणशक्ती अँटीऑक्सिडंट घेतल्याने टिकते, की हे सगळं गोळ्या विकणाऱ्यांचं थोतांड आहे? हा वाद कित्येक वर्षं या दोन टोकांवरच अडकून बसला आहे. एका बाजूचं म्हणणं असं : मेंदूत मुक्त मूलकं (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले, चटकन संयोग पावणारे रेणू) तयार होतात, ती पेशींची नासधूस करतात, अँटीऑक्सिडंट त्या मूलकांना निष्प्रभ करतात, तेव्हा अँटीऑक्सिडंट घ्या. दुसरी बाजू म्हणते, चाचण्या फसल्या, विषय संपला. पहिल्या बाजूची पहिली दोन विधानं खरी आहेत, तिसरं परीक्षानळीत खरं आहे आणि चौथं त्या तिन्हींतून निघतच नाही. दुसऱ्या बाजूचा निष्कर्ष बराचसा बरोबर आहे, पण तो का बरोबर आहे हे तिला सांगता येत नाही. म्हणून एखादी नवी आशादायक बातमी आली की ती गडबडते. माझं मत आधीच मांडतो. ऑक्सिडीकरणाने वृद्ध मेंदूची हानी होते हे पूर्ण मान्य केलं तरी, ज्याच्या शरीरात कमतरता नाही त्याने स्मृतीसाठी या गोळ्या घ्याव्यात याला आज आधार नाही. आणि ज्याला ऑक्सिडीकरणाची खरोखरच धास्ती वाटते त्याने तयार झालेली मूलकं टिपत बसण्यापेक्षा ती जिथे वाजवीपेक्षा जास्त निर्माण होतात तिकडे लक्ष द्यावं.

हानी खरी आहे, इथून सुरुवात करू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. चेतापेशींच्या पटलांत डीएचएसारखी बहुअसंतृप्त मेदाम्लं ठासून भरलेली असतात आणि मूलकांचा हल्ला नेमका अशाच मेदाम्लांवर होतो. काही भागांत लोह साठतं, वयाबरोबर ते वाढतं, आणि लोहाच्या सान्निध्यात निरुपद्रवी वाटणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून अत्यंत उग्र हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं. पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) मेंदूत यकृताच्या मानाने फारच कमी. शिवाय बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की त्यांची जागा नव्या घेत नाहीत. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत मेद, प्रथिनं आणि न्यूक्लिइक आम्लं या तिन्हींच्या ऑक्सिडीकरणाच्या खुणा सापडतात; त्यातल्या काही तर निदानाच्याही आधी, सौम्य बोधनऱ्हासाच्या (स्मृतिभ्रंशाआधी आठवण आणि विचार किंचित मंदावण्याच्या) अवस्थेतच वाढलेल्या दिसतात. डेनहॅम हार्मन यांनी १९५६ साली वार्धक्याचं मूळ मुक्त मूलकांत आहे असं मांडलं तेव्हा किरणोत्सर्गाच्या रसायनशास्त्रावरून बांधलेला तो एक तर्क होता. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड हे मूलक मोडणारं एसओडी हे विकर शोधलं आणि त्या तर्काला बळ आलं, कारण शरीराने ज्याच्याविरुद्ध एवढी चोख तजवीज केली आहे ते काल्पनिक कसं असेल? इथवर कुणाचंही भांडण नसावं.

गडबड होते ती पुढच्या उडीत. ‘मेंदू गंजतो’ ही उपमा एकदा मनात बसली की गंजरोधक थर चढवणं ओघानेच येतं. पण गंजणाऱ्या लोखंडाला स्वतःचा बचाव नसतो, मेंदूला आहे, आणि तो इतका भक्कम आहे की बाहेरून टाकलेली भर त्यात दिसेनाशी होते. आकडे पाहा. चेतापेशींत क जीवनसत्त्वाचं प्रमाण सुमारे १० मिलिमोलर असतं, मेंदूतल्या ग्लुटाथायॉनचं, म्हणजे पेशी स्वतः बनवतात त्या अँटीऑक्सिडंटचं, १ ते ३ मिलिमोलर. फळं, पानं, कोको यांतली पॉलिफेनॉल्स भरपूर खाल्ली तरी रक्तात थोडा वेळ एक मायक्रोमोलरच्या (मिलिमोलरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याखालीच पोहोचतात. तीही मूळ रूपात नव्हे, तर यकृताने आणि आतड्याने बदललेल्या रूपात. आणि काही तासांत लघवीवाटे निघून जातात. मेंदूपर्यंत जे जातं ते नॅनोमोलरमध्ये, म्हणजे मायक्रोमोलरच्याही हजाराव्या भागात मोजायचं. म्हणजे आधीच हजर असलेल्या रेणूंच्या मानाने लाखात एक. हायड्रॉक्सिल मूलक तर जन्मल्या जागेपासून काही नॅनोमीटरच्या आत जे सापडेल त्याच्याशी संयोग पावतं. त्याला गाठायचं तर टिपणारा रेणू त्याच जागी, आणि भोवतालच्या इतर सर्व रेणूंपेक्षा जास्त संख्येने हवा. कुठली गोळी हे साधणार? परीक्षानळीत एखाद्या अर्काने मूलकं किती शोषली याचे ‘ओआरएसी’ गुण एके काळी वेष्टनांवर मिरवले जात. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्या गुणांची आपली यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण परीक्षानळीतल्या गुणांचा शरीरातल्या परिणामाशी मेळ बसत नव्हता. जाहिरातींनी मात्र ती काढलेली नाही.

क जीवनसत्त्वाचं गणित आणखी सरळ आहे. १९९६ साली निरोगी तरुणांना वेगवेगळ्या मात्रा देऊन केलेल्या काटेकोर मोजणीत दिसलं, की रोज १०० मिलिग्रॅमला पांढऱ्या पेशी तुडुंब भरतात, २०० ते ४०० मिलिग्रॅमपर्यंत रक्तद्रवही जवळपास भरतो आणि त्यापुढची भर मूत्रपिंडं बाहेर टाकतात. मेंदू तर रक्तातून हे जीवनसत्त्व खास वाहकांच्या साहाय्याने ओढून घेतो आणि शरीरात तुटवडा झाला तरी सर्वांत शेवटी सोडतो. हजार मिलिग्रॅमच्या गोळीने मेंदूत काय वाढणार? ई जीवनसत्त्वाची अडचण निराळी. ते पेशीपटलातली मेदाच्या ऑक्सिडीकरणाची साखळी खरोखर तोडतं, पण तोडताना स्वतः मूलक बनतं. त्याला पूर्ववत करायला क जीवनसत्त्व किंवा कोएन्झाइम क्यू१० जवळ असावं लागतं. तसं नसेल तर ते स्वतःच नवी साखळी सुरू करू शकतं. शिवाय गोळीत बहुधा फक्त अल्फा-टोकोफेरॉल हे ई जीवनसत्त्वाचं एक रूप असतं आणि त्याच्या मोठ्या मात्रेने रक्तातलं गॅमा-टोकोफेरॉल हे दुसरं रूप घटतं. आहारातून येणारं मिश्रण आणि गोळीतला एकटा रेणू एकच आहेत असं धरून चालणं ही या वादातली सर्वांत महाग चूक आहे.

यापेक्षाही खोल मुद्दा असा, की ही मूलकं म्हणजे नुसता कचरा नव्हे. स्मृती ज्या प्रक्रियेतून घडते, म्हणजे चेतापेशींमधले जोड दीर्घकाळ बळकट होणं, तिलाच थोडं सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. पेशीबाहेरचं एसओडी अतिरिक्त बनवणाऱ्या उंदरांत हे जोड नीट बळकट होत नाहीत आणि भीतीची आठवण पक्की बसत नाही. सुपरऑक्साइड तयार करणारं विकरच ज्यांच्यात नाही असे उंदीरही शिकण्यात मागे पडतात. आणि एसओडी अजिबात नसलेले उंदीरही मागे पडतात! फार नको, अगदीच थोडं नको, ठरल्या जागी ठरल्या वेळी हवं, असा हा मामला आहे. व्यायामाचं उदाहरण त्याहून बोलकं. २००९ साली जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना चार आठवडे रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकक (आययू, जीवनसत्त्वं मोजण्याचं आंतरराष्ट्रीय परिमाण) ई जीवनसत्त्व दिलं, तर व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो तो सुधारलाच नाही. व्यायामात वाढणारी मूलकं हाच शरीराला आपली संरक्षक विकरं वाढवण्याचा निरोप असतो, आणि गोळ्यांनी तो निरोप पोहोचूच दिला नव्हता. हार्मन यांच्या सिद्धान्तालाही प्राण्यांनी बरंच हैराण केलं आहे. उंदराएवढाच आकार असलेला केसहीन नेकेड मोल रॅट तीस वर्षं जगतो, उंदीर जेमतेम तीन. पण ऑक्सिडीकरणाच्या खुणा मोल रॅटमध्ये तरुणपणीच जास्त. उंदरांमध्ये अँटीऑक्सिडंट विकरांची जनुकं कमीजास्त करून पाहिलेल्या १८ तऱ्हांचा आढावा २००९ मध्ये आला. आयुष्यमानात फरक पडला तो एकाच तऱ्हेत. हानी आहे, पण वार्धक्याची दोरी तिच्याच हातात आहे हे मात्र सिद्ध झालेलं नाही.

आता माणसांवरच्या चाचण्या. सौम्य बोधनऱ्हास असलेल्या ७६९ जणांपैकी एका गटाला तीन वर्षं रोज २००० एकक ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. २००५ साली आलेल्या निकालात अल्झायमरकडे जाण्याचा वेग जराही कमी झाला नाही. साडेसात हजार पुरुषांवर ई जीवनसत्त्व (४०० एकक) आणि सेलेनियम (२०० मायक्रोग्रॅम) यांची परीक्षा झाली, २०१७ मध्ये निकाल आला : एकटं दिलं तरी नाही, दोन्ही मिळून दिलं तरी स्मृतिभ्रंश टळला नाही. गिंको बिलोबा या झाडाच्या पानांचा १२० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, पंच्याहत्तरीपुढचे ३०६९ लोक, सहा वर्षं. २००८ साली उत्तर नकारार्थी. पण या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली, अवघ्या ७८ रुग्णांची, सोळा आठवड्यांची छोटी चाचणी. तिच्यात अल्झायमरच्या रुग्णांच्या एका गटाला रोज ८०० एकक ई, ५०० मिलिग्रॅम क आणि ९०० मिलिग्रॅम अल्फा-लिपोइक आम्ल हे आणखी एक अँटीऑक्सिडंट दिलं आणि पाठीच्या कण्यातलं द्रव काढून तपासलं. आयसोप्रोस्टेन ही मेदाच्या ऑक्सिडीकरणाची खूण सुमारे एक पंचमांशाने घटली. म्हणजे गोळ्या मेंदूपर्यंत पोहोचल्या, ठरवलेलं रसायन त्यांनी केलंही. आणि त्याच गटाची बोधनक्षमता इतरांपेक्षा वेगाने खालावली. नमुना लहान आहे, त्यावरून गोळ्यांनी घातच होतो असं म्हणता येणार नाही. पण ‘ऑक्सिडीकरण कमी झालं म्हणजे स्मृती वाचली’ ही पायरी गृहीत धरता येत नाही, एवढं सांगायला तो पुरेसा आहे.

वैद्यकाने ही ठेच आधीही खाल्ली आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाचे जादा ठोके पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका जास्त असतो हे माहीत होतं, ठोके दाबणारी औषधं उपलब्ध होती, ती सर्रास दिली जात होती. १९८९ साली कास्ट या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही त्यातली दोन औषधं प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) ताडून पाहिली. ठोके कमी झाले होते, मृत्यू मात्र दुपटीहून जास्त. मेंदूच्या क्षेत्रातला दाखला याहून जवळचा आहे. पक्षाघाताच्या ताज्या रुग्णांसाठी एनएक्सवाय-०५९ हे मूलकं पकडणारं द्रव्य तयार झालं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते उत्तम ठरलं, २००६ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत माफक फायदाही दिसला. तीन हजारांहून जास्त रुग्णांवर ती चाचणी पुन्हा केली तेव्हा, २००७ मध्ये, काहीच उरलं नाही. मूलकांचा सिद्धान्त खोटा असता तर प्राण्यांत तरी गुण का दिसावा? आणि तो पुरेसा असता तर माणसांत का नाही?

विरोधी, म्हणजे गोळ्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मात्र झाकून ठेवता येणार नाही. १९९७ साली मध्यम तीव्रतेच्या अल्झायमरच्या ३४१ रुग्णांपैकी काहींवर ई जीवनसत्त्वाची २००० एककांची मात्रा वापरली गेली. मृत्यू, शुश्रूषागृहात दाखल होणं, रोजची कामं न जमणं किंवा रोग तीव्र होणं, यांतलं काहीही पहिल्यांदा घडेपर्यंतचा काळ सुमारे २३० दिवसांनी लांबला. आणि २०१४ मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या ६१३ रुग्णांच्या चाचणीत, याच मात्रेने, रोजची कामं करण्याच्या क्षमतेतली घसरण वर्षाला १९ टक्क्यांनी मंदावली. सरासरी सव्वादोन वर्षांच्या काळात सुमारे सहा महिन्यांची सवलत. ज्या घरात आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी कुणीतरी सतत लागतं तिथे सहा महिने म्हणजे थोडं नव्हे. ‘चाचण्या फसल्या’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलंच नसतं.

पण नीट वाचा. १९९७ चा फरक दिसला तो सुरुवातीच्या गुणांतली तफावत हिशोबात धरल्यावर. कच्च्या आकड्यांत तो ठळक नव्हता, आणि पडण्याचे प्रकार औषध घेणाऱ्यांत जास्त होते. २०१४ चा फरक ७८ गुणांच्या कार्यक्षमतेच्या मापनावर जेमतेम ३ गुणांचा आहे. ई जीवनसत्त्वाच्या जोडीला मेमँटाइन हे अल्झायमरचं औषध दिलेल्या गटात तो का नाहीसा झाला याचं समाधानकारक उत्तर कुणाकडे नाही. मुख्य म्हणजे दोन्ही चाचण्यांत स्मृतीच्या परीक्षेत फरक पडला नाही. जो फायदा दिसला तो आजार जडलेल्या माणसाच्या हालचालींतला, व्यवहारातला. त्यावरून चाळिशीतल्या निरोगी माणसाने आठवण तल्लख राहावी म्हणून गोळी घ्यावी असा अर्थ कसा निघतो? निदान झालेल्या रुग्णाच्या बाबतीत, रक्तस्रावाचा धोका तपासून, डॉक्टरांशी बोलून या मात्रेचा विचार करणं गैर नाही, असं मी म्हणेन. तिथे पुरावा दुबळा असला तरी आहे.

‘उशिरा सुरुवात केली म्हणून चाचण्या फसल्या’ हा दुसरा दमदार आक्षेप. त्यात तथ्य असू शकतं. अल्झायमरची प्रथिनं लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साठू लागतात. डॉक्टर पुरुषांच्या एका दीर्घ अभ्यासात एका दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत, सरासरी अठरा वर्षांनंतर, बोधनाच्या चाचणीत किंचित वरचे गुण दिसले, आणि अल्पकाळ घेणाऱ्यांत दिसले नाहीत, हेही खरं. मात्र ‘लवकर सुरू केलं असतं तर’ हा युक्तिवाद कुठल्याही फसलेल्या औषधाला जिवंत ठेवू शकतो, म्हणून तो सावधपणे वापरायला हवा. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरकांबद्दल नेमकं हेच घडलं. निरीक्षणांत संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रियांना अल्झायमर कमी होताना दिसे. पासष्टीपुढच्या साडेचार हजार स्त्रियांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी झाली आणि २००३ साली स्मृतिभ्रंश दुप्पट आढळला. लवकर सुरू केल्यास वेगळं घडेल का, यावर अजून खल चालू आहे. दरम्यान पासष्टीतल्या बायकांना कुणी त्या शक्यतेवर विसंबून संप्रेरकं देत नाही. मग जीवनसत्त्वांना वेगळा न्याय का?

बीटा-कॅरोटीनचंच घ्या. रक्तात ते जास्त असलेल्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो हे निरीक्षण पक्कं होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना रोज २० मिलिग्रॅम दिलं. १९९४ चा निकाल होता १८ टक्के जास्त फुप्फुसाचे कर्करोग. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. निरीक्षण खोटं नव्हतं. भाज्या खाणारा माणूस धूम्रपान कमी करतो, चालतो, रक्तदाब तपासून घेतो, शिकलेला असतो. त्याच्या रक्तातलं कॅरोटीन ही या सगळ्याची खूण होती. स्मृतीबद्दलचं ‘फळं-भाज्या खाणाऱ्यांचा मेंदू तल्लख राहतो’ हे निरीक्षण याच जातीचं आहे. माइंड आहार (मेंदूसाठी आखलेला, पालेभाज्या, बेरी आणि कडधान्यांवर भर देणारा) काटेकोर पाळणाऱ्यांत अल्झायमर ५३ टक्के कमी, असं २०१५ च्या निरीक्षणात आलं होतं. तोच आहार ६०४ जणांवर तीन वर्षं चाचणीतून तपासला तेव्हा, २०२३ मध्ये, नुसत्या थोड्या कमी उष्मांकाच्या नेहमीच्या आहारापेक्षा तो सरस ठरला नाही. दोन्ही गटांची कामगिरी सुधारली हे वेगळं. तीन वर्षं थोडी आहेत, तुलनेचा गटही वजन कमी करत होता, हे मान्य. भाज्या खाऊ नयेत असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांच्या गुणाचं श्रेय अँटीऑक्सिडंटच्या नावावर परस्पर जमा करू नये, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूशीही दोन शब्द, कारण तिचा आळस मला जास्त खुपतो. ‘अँटीऑक्सिडंट निरुपयोगी’ हे वाक्य ई जीवनसत्त्वाची वाहतूक करणारं प्रथिन जन्मतः सदोष असलेल्या मुलाच्या आईला कोण सांगणार? त्या मुलाचा तोल जातो, हातापायांतली संवेदना जाते, आणि मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व वेळेवर सुरू केलं तर हे थांबतं. पित्तप्रवाहाचे विकार, स्वादुपिंडाचा दीर्घ आजार, आतड्याचा मोठा भाग काढलेले लोक, यांच्यातही मेद शोषला जात नाही म्हणून हीच कमतरता हळूहळू मज्जासंस्था पोखरते. मज्जासंस्थेचा आनुवंशिक आजार असलेल्या फ्रीड्राइख अ‍ॅटेक्सियासाठी ओमाव्हेलोक्सोलोन हे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते मूलकं टिपत नाही. पेशीची स्वतःची संरक्षक जनुकं चालू करणाऱ्या एनआरएफ२ या प्रथिनाला मोकळं करतं. कोकोतल्या फ्लॅव्हानॉल या पॉलिफेनॉल्सच्या चाचणीत ३५६२ जणांत एकूण फरक पडला नाही, पण ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट होता त्यांची स्मृती किंचित सुधारली. बहुजीवनसत्त्वाच्या साध्या गोळीने साठीपुढच्या लोकांत अलीकडच्या तीन उपचाचण्यांत थोडा फायदा दिसला, तर आधीच्या एका चाचणीत, जवळपास सहा हजार पुरुष डॉक्टरांत, बारा वर्षांनीही दिसला नव्हता. पहिल्यांचा आहार कसा होता आणि दुसऱ्यांचा कसा, इकडे पाहिलं तर गूढ थोडं उकलतं. आणि त्या गोळीत वीसेक घटक दैनंदिन गरजेच्या आसपासच असतात. तिचा गुण ‘अँटीऑक्सिडंट’ म्हणून मोठ्या मात्रेच्या गोळीला कसा देता येईल? धागा एकच : तूट असेल तिथे भरपाई कामाची, भरलेल्यात ओतणं वाया.

वायाच जातं असंही नाही. ४०० एककांची नैसर्गिक गोळी म्हणजे सुमारे २६८ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल, तेवढ्याच एककांची कृत्रिम गोळी म्हणजे सुमारे १८० मिलिग्रॅम सक्रिय रूप. प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मिलिग्रॅम. चाचण्यांतली २००० एककं नैसर्गिक रूपात घेतली तर १३४० मिलिग्रॅम होतात, आणि अमेरिकेतली वरची मर्यादा १००० आहे, युरोपातली ३००. एककं पाहून मात्रा ठरवणाऱ्याचा इथेच घोटाळा होतो. ई जीवनसत्त्व के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे वॉरफरीन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याचं रक्त वाजवीपेक्षा पातळ होऊ शकतं. एका दिवसाआड ४०० एकक घेणाऱ्या पुरुष डॉक्टरांच्या चाचणीत मेंदूतल्या रक्तस्रावाने होणारे पक्षाघात ७४ टक्क्यांनी जास्त आढळले. एकूण संख्या लहान होती, पण स्मृती जपायला घेतलेल्या गोळीने मेंदूत रक्तस्राव व्हावा यासारखी उलटी खोट दुसरी नाही. ३५,५३३ पुरुषांच्या सिलेक्ट चाचणीत रोज ४०० एककांनी प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला, असं २०११ मध्ये दिसून आलं. धूम्रपान करणाऱ्याने किंवा नुकतंच सोडलेल्याने बीटा-कॅरोटीनची गोळी घेऊच नये. शस्त्रक्रियेआधी औषधांची यादी सांगताना लोक या गोळ्या वगळतात, ‘ती काय औषधं आहेत का’ म्हणून, सांगायला हव्यात. आणि कमतरतेसाठी डॉक्टरांनीच ई दिलं असेल तर ते मेदयुक्त जेवणासोबत घ्यावं लागतं, ऑर्लिस्टॅट (वजन घटवणारं) किंवा कोलेस्टिरामीन (कोलेस्टेरॉल घटवणारं) औषध चालू असेल तर वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर गोळी आतड्यातून तशीच पुढे जाते.

ऑक्सिडीकरणाचा सिद्धान्त मनापासून मानणाऱ्याने खरं तर काय करावं? मूलकं वाजवीपेक्षा जास्त कुठे तयार होतात ते पाहावं. निद्राश्वासरोधात (झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकारात) रात्रभर प्राणवायू खाली-वर होतो आणि प्रत्येक वर जाण्याबरोबर मूलकांचा लोट येतो. घोरणं, दिवसा डुलक्या, सकाळची डोकेदुखी असेल तर झोपेची तपासणी आणि सीपॅप (हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) हा त्या सिद्धान्ताचाच तर्कशुद्ध उपचार आहे. रक्तातली अनियंत्रित साखर, धूम्रपान आणि उच्च रक्तदाब हेही त्याच यादीत. स्प्रिंट माइंड चाचणीत ९३६१ जणांपैकी एका गटाचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा १४० च्या खाली. २०१९ च्या निकालात पहिल्या गटात सौम्य बोधनऱ्हास १९ टक्के कमी होता. स्मृतिभ्रंशातली १७ टक्के घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही, तेही सांगायला हवं. तरीही कुठल्याही अँटीऑक्सिडंटच्या गोळीने निरोगी माणसांवरच्या मोठ्या चाचणीत याच्या जवळपासही मजल मारलेली नाही. त्यातून, आठवण कमी झाल्याची तक्रार असेल तर आधी बी१२ आणि थायरॉइड तपासायचं. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ घसरतं. डायफेनहायड्रामीन, ऑक्सिब्युटिनिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन ही (अनुक्रमे अ‍ॅलर्जी, मूत्राशय आणि नैराश्यावरची) औषधं स्मृतीला लागणाऱ्या संदेशवाहक रसायनाच्या, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनच्या आड येतात. ऐकू येणं कमी झालंय का, नैराश्य आहे का, हे विचारायचं. ‘ब्रेन’ लिहिलेल्या बाटलीने यातलं काहीच उघडं पडत नाही. उलट तीन-चार महिने वाट पाहण्यात जातात आणि भरून निघण्याजोगं कारण तसंच राहतं.

माझं मत बदलेल अशी चाचणी कशी असेल तेही सांगता येतं. पन्नाशीतले लोक, रक्तातल्या पातळ्या आधी मोजून कमी असलेल्यांचा आणि पुरेशा असलेल्यांचा वेगळा गट. मात्रा मेंदूत पोहोचते याचा पुरावा काही जणांच्या कण्यातल्या द्रवातून. ऑक्सिडीकरणाची खूण आणि स्मृतीची परीक्षा दोन्ही, पण निकाल ठरणार स्मृतीवरच. काळ किमान दहा वर्षं. पुरेशा पातळीच्या गटातही फरक दिसला तर वरचा युक्तिवाद कोसळेल. अडचण पैशाची आहे, कारण पेटंट नसलेल्या जीवनसत्त्वासाठी दहा वर्षं कुणी औषध कंपनी थांबत नाही. २०१४ ची ई जीवनसत्त्वाची चाचणी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेने केली होती. पुढचीही बहुधा अशाच कुठल्यातरी सार्वजनिक तिजोरीतून व्हावी लागेल.